बाली बेट

बाली हे आग्नेय आशियातील इंडोनेशिया देशाचे एक बेट आणि त्याच नावाचा प्रांत आहे. पश्चिमेस जावा व पूर्वेस लोंबोक या बेटांच्या मध्ये, विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ८ अंशांवर ते वसलेले आहे. नुसा पेनिदा, नुसा लेंबोंगन आणि नुसा चेनिंगन ही लहान बेटे याच प्रांतात मोडतात. देनपसार ही प्रांताची राजधानी होय. २०२० च्या जनगणनेनुसार प्रांताची लोकसंख्या सुमारे ४३ लाख होती. जगातील सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्येच्या या देशात बाली हा एकमेव हिंदुबहुल प्रांत असून येथील दर पाच रहिवाशांपैकी चारांहून अधिक हिंदू आहेत. समुद्रकिनारे, देवळे, नृत्ये आणि डोंगरउतारावरील पायऱ्यांची भातखाचरे यांमुळे बाली हे जगातील अत्यंत गजबजलेल्या पर्यटनस्थळांपैकी एक झाले आहे. मात्र बेटाची समाजरचना, देवळांची उतरंड आणि सणांचे वेळापत्रक यांचा मोठा भाग भातशेती व तिच्या पाण्याच्या वाटपातून घडलेला आहे, आणि आज पर्यटनाचा ताणही मुख्यतः याच ठिकाणी पडतो.

भूगोल

बाली व जावा यांना विभागणारी सामुद्रधुनी तिच्या अरुंद भागात जेमतेम अडीच किलोमीटर रुंदीची आहे. पूर्वेकडील लोंबोक सामुद्रधुनी मात्र खोल आहे. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी आशियाई व ऑस्ट्रेलियाई प्राणिसृष्टीमधील सीमारेषा याच सामुद्रधुनीतून आखली.

बेटाच्या मधोमध पूर्व-पश्चिम ज्वालामुखी पर्वतांची रांग आहे. त्यांतील तीन हजार मीटरहून उंच असा आगुंग पर्वत बालीतील लोकांना सर्वांत पवित्र वाटतो. शेजारच्या बातूर ज्वालामुखीच्या विशाल कुंडात बातूर सरोवर आहे. पश्चिमेस ब्रातान, बुयान व तांब्लिंगान ही आणखी तीन सरोवरे आहेत. बातूर सरोवरातून कोणतीही नदी उघडपणे बाहेर पडत नाही. सरोवराचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या उतारांवर झऱ्यांच्या रूपाने प्रकट होते, अशी येथील शेतकऱ्यांची श्रद्धा आहे, आणि सरोवराची देवी देवी दानू हिला सर्व पाटांची स्वामिनी मानण्यामागे हीच समजूत आहे.

ज्वालामुखीच्या राखेमुळे माती सुपीक आहे, परंतु नद्यांनी मऊ खडक कापून इतक्या खोल घळी केल्या आहेत, की पाणी शेताच्या पुष्कळ खालून वाहते. ते शेतात आणायचे तर नदी बरीच वरच्या बाजूस अडवावी लागते आणि पाणी बोगद्यांतून व पाटांतून कित्येक किलोमीटर वळवावे लागते. एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातले हे काम नव्हे. नोव्हेंबर ते मार्च हा पावसाळा व उरलेला काळ कोरडा असतो. बेटाच्या दक्षिण टोकाचा बुकित हा द्वीपकल्पीय भाग चुनखडीचा व कोरडा असून भातशेतीला निरुपयोगी आहे. नुसा दुआ व उलुवातू ही प्रसिद्ध पर्यटनस्थळे याच भागात आहेत.

इतिहास

बालीत सापडलेले सर्वांत जुने कालनिर्देशयुक्त लेख इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या अखेरीचे आहेत. दक्षिण किनाऱ्यावरील सानूर येथील ब्लांजोंग स्तंभलेख शके ८३५ मधील असून तो श्री केसरी वर्मदेव या राजाचा आहे. त्यात संस्कृत व प्राचीन बाली अशा दोन भाषा आणि नागरी व प्राचीन बाली अशा दोन लिप्या वापरलेल्या आहेत. अकराव्या शतकातील गोवा गजाह ही कोरीव गुहा आणि गुनुंग कावी येथील कड्यात कोरलेली दहा उंच राजस्मारके या काळाची साक्ष देतात. बालीचा राजा उदयन व जावाची राजकन्या महेंद्रदत्ता यांचा पुत्र ऐरलंग पुढे पूर्व जावाचा राजा झाला.

१३४३ मध्ये जावातील मजपहित साम्राज्याचा सेनापती गजह मद याने बाली जिंकले. मजपहितच्या ऱ्हासानंतर जावात इस्लामचा प्रसार झाला. बालीतील राजघराणी मात्र हिंदू राहिली आणि मजपहितचा वारसा सांगू लागली. सोळाव्या शतकात गेलगेल येथील राज्य प्रबळ होते. निरर्थ हे जावातून आलेले पुरोहित याच शतकातले, आणि किनाऱ्यावरील अनेक देवळांची स्थापना परंपरेने त्यांच्याकडे दिली जाते. पुढे बेटाची आठ-नऊ लहान राज्यांत विभागणी झाली. ही राज्ये आपसांत लढत आणि युद्धकैदी व कर्जबाजारी यांना गुलाम म्हणून विकत. सतराव्या-अठराव्या शतकांत बटाव्हियाच्या (आजचे जकार्ता) बाजारात बालीचे गुलाम मोठ्या संख्येने जात. पर्यटनविषयक लेखनात हा भाग सहसा आढळत नाही.

पहिली डच जहाजे १५९७ मध्ये बालीस आली, तरी डचांनी प्रत्यक्ष आक्रमण केले ते १८४६ ते १८४९ या काळातील तीन मोहिमांद्वारे. त्यांतून उत्तर बाली त्यांच्या ताब्यात गेले. दक्षिणेतील राज्ये आणखी अर्धशतक टिकली. १९०४ मध्ये सानूरच्या किनाऱ्याशी एक व्यापारी गलबत फुटले व त्याची लूट झाल्याचा आरोप झाला. बदुंगच्या राजाने भरपाई नाकारली. हे निमित्त करून डच सैन्य उतरले. २० सप्टेंबर १९०६ रोजी राजा, त्याचे कुटुंबीय, पुरोहित व सेवक पांढरी वस्त्रे व दागिने लेऊन राजवाड्याबाहेर पडले आणि भाले व कट्यारी घेऊन बंदुकांसमोर चालत गेले. जे गोळ्यांनी मेले नाहीत त्यांनी एकमेकांना वा स्वतःला मारले. मृतांचे अंदाज काही शेकड्यांपासून हजाराच्या वरपर्यंत जातात. या अखेरच्या झुंजीला ‘पुपुतान’ म्हणतात. मूळ शब्द ‘पुपुत’ म्हणजे शेवट. एप्रिल १९०८ मध्ये क्लुंगकुंग येथे असाच दुसरा पुपुतान झाला आणि संपूर्ण बेट डच सत्तेखाली आले.

या हत्याकांडांमुळे युरोपात डचांची नाचक्की झाली. त्यानंतर बालीची जुनी संस्कृती जतन करण्याचे धोरण आखण्यात आले. जतनाची ही कल्पना निरुपद्रवी नव्हती. तोवर बरेच लवचीक असलेले वर्णभेद सरकारी कागदावर पक्के झाले, वरच्या तीन वर्णांना वेठबिगारीतून सूट मिळाली आणि लोकसंख्येच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असलेल्या शूद्रांवर तिचा भार पडला. त्याच सुमारास डच जहाज कंपनी केपीएम हिने बालीच्या सहलींची जाहिरात सुरू केली व १९२८ मध्ये देनपसार येथे ‘बाली हॉटेल’ उघडले. ज्या शहरात बावीस वर्षांपूर्वी राजघराणे संपले, त्याच शहरात हे हॉटेल उभे राहिले.

रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९२७ मध्ये भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांच्यासह बालीला भेट दिली. त्याच वर्षी जर्मन चित्रकार वॉल्टर श्पीस येथे आले व उबुदला स्थायिक झाले. त्यांनी, डच चित्रकार रुडॉल्फ बोनेट आणि उबुदच्या सुकावती राजघराण्याने १९३६ मध्ये ‘पिता महा’ हा कलावंतांचा संघ काढला. आज बालीची प्राचीन परंपरा म्हणून दाखविले जाणारे ‘केचाक’ हे वानरसेनेचे नृत्यनाट्य याच दशकात आकारास आले. अंगात येण्याच्या एका विधीतील पुरुषांचा घोष घेऊन त्याला रामायणाची कथा जोडण्यात आली. त्यामुळे ते खोटे ठरत नाही. आता अनेक गावांना ते आपलेच वाटते.

१९४२ ते १९४५ या काळात बालीवर जपानचा अंमल होता. त्यानंतर परतलेल्या डचांविरुद्ध इ गुस्ती न्गुराह राय यांची तुकडी २० नोव्हेंबर १९४६ रोजी मार्गा येथे शेवटच्या माणसापर्यंत लढली. बालीच्या विमानतळाला त्यांचेच नाव आहे. १९५८ मध्ये बाली स्वतंत्र प्रांत झाला. अधिकृत धर्मांच्या यादीत स्थान मिळविण्यासाठी बालीतील हिंदू नेत्यांना आपला धर्म एकेश्वरी असल्याचे मांडावे लागले. ‘संग ह्यांग विधि वासा’ या परमेश्वराच्या नावाला आलेले महत्त्व बरेचसे या काळातले आहे.

१९६३ मध्ये, शंभर वर्षांतून एकदा होणारा ‘एक दश रुद्र’ हा महाविधी बेसाकी या मातृमंदिरात चालू असतानाच आगुंगचा उद्रेक झाला व हजाराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. लाव्हा बेसाकीच्या अगदी जवळून गेला, पण मंदिर वाचले. दोनच वर्षांनी त्याहून मोठा अनर्थ ओढवला. जमीन सुधारणा कायद्यावरून गावागावांत आधीच तेढ होती. १९६५ च्या अखेरीस कम्युनिस्टांविरुद्ध देशभर उसळलेल्या कत्तलीत बालीमध्ये अंदाजे ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे पाच टक्के, लोक मारले गेले. मारणारे व मरणारे पुष्कळदा एकाच गावचे होते. सुहार्तो राजवट असेपर्यंत, म्हणजे १९९८ पर्यंत, याविषयी उघडपणे बोलणे शक्य नव्हते. सानूरचे दहा मजली ‘बाली बीच हॉटेल’ १९६६ मध्ये सुरू झाले, तेव्हा या कत्तलीला वर्षही लोटलेले नव्हते.

सुबाक : पाण्याची व्यवस्था

एका स्रोताचे पाणी वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या संघाला ‘सुबाक’ म्हणतात. या संस्थेचे उल्लेख अकराव्या शतकातील लेखांपासून मिळतात. बेटावर सुमारे १,२०० सुबाक असून एकेकात साधारणतः ५० ते ४०० शेतकरी असतात. सुबाकची सीमा गावाच्या सीमेशी जुळत नाही, ती पाण्याच्या वाटेने ठरते. त्यामुळे एकाच गावातील दोन भाऊ दोन निराळ्या सुबाकांचे सभासद असू शकतात. प्रमुखाला ‘पेकासेह’ म्हणतात. तो सभासदांनी निवडलेला असतो. सुबाकमध्ये वर्णाचा मान चालत नाही आणि राजघराण्यातील जमीनमालकालाही सामान्य शेतकऱ्याच्या पंक्तीला बसावे लागते.

पाटावर जागोजागी आडवे लाकूड बसविलेले असते व त्यात ठरलेल्या रुंदीच्या खाचा पाडलेल्या असतात. पाणी जास्त असो वा कमी, प्रत्येक खाचेतून तिच्या रुंदीच्या प्रमाणातच ते वाहते. वाटा कोणाला किती हे डोळ्यांनी दिसत असल्याने भांडणाला वाव कमी राहतो. बंधाऱ्याची दुरुस्ती व पाटातला गाळ काढणे ही कामे सभासद मिळून करतात आणि गैरहजर राहणारा दंड भरतो.

प्रत्येक टप्प्यावर देऊळ आहे: शेताच्या कोपऱ्यात लहानसे, सुबाकचे एक, बंधाऱ्याचे एक, आणि सर्वांच्या वर बातूरच्या कुंडाच्या कडेवरील उलुन दानू बातूर. कोणत्या सुबाकने केव्हा पाणी घ्यावे, केव्हा लावणी करावी आणि केव्हा खाचरे रिकामी ठेवावी, हे देवळांतील बैठकींत ठरते. वरच्या शेतकऱ्याने आपण होऊन खालच्याला पाणी का सोडावे, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकन मानवशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग आणि परिसंस्थाशास्त्रज्ञ जेम्स क्रेमर यांनी १९८० च्या दशकात संगणकीय प्रतिकृतीच्या साहाय्याने दिले. विस्तीर्ण पट्ट्यात एकाच वेळी कापणी होऊन खाचरे मोकळी राहिली, तर किडी व उंदीर उपासमारीने मरतात. खालच्याला वेळेवर पाणी मिळाले नाही, तर त्याचे पीक मागे राहते, किडीला आसरा मिळतो आणि ती पुन्हा वर चढते. वरच्याला किडीची भीती आणि खालच्याला पाण्याची चिंता, त्यामुळे दोघांचेही हित एकाच वेळापत्रकात असते.

ही गोष्ट सिद्ध होण्यापूर्वीच बालीने तिची किंमत मोजली होती. १९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या मोहिमेत सरकारने लवकर येणाऱ्या नव्या वाणांची सक्ती केली व शक्य तितक्या वेळा लावणी करण्याचा आदेश दिला. देवळांचे वेळापत्रक मोडले. पहिली काही वर्षे उत्पादन वाढले. मग पाण्याचा तुटवडा, तपकिरी तुडतुडे आणि तुंग्रो हा विषाणुरोग यांनी पिके बुडू लागली. औषधफवारणीने तुडतुड्यांचे नैसर्गिक शत्रूच मेले. १९८० च्या दशकात शेतकरी जुन्या वेळापत्रकाकडे परतले, तर १९८६ मध्ये इंडोनेशिया सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांवर देशव्यापी बंदी घातली.

भात ही देवी श्री मानली जाते. लांब ताटाच्या जुन्या वाणांची कापणी तळहातात लपेल एवढ्या छोट्या पात्याने, एकेक लोंबी धरून केली जाते, कारण मोठे कोयते पाहून देवी भिईल अशी समजूत आहे. नव्या आखूड वाणांना विळा चालतो. कापणीनंतर बदकांचे थवे खाचरांत सोडतात. सांडलेले दाणे व किडी खाऊन ती जमिनीला खत देतात.

२०१२ मध्ये युनेस्कोने सुबाक व्यवस्थेचा सांस्कृतिक भूदृश्य म्हणून जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यात जतिलुविहची खाचरे, बातूर सरोवर, पकेरिसान नदीचे खोरे आणि तमन आयुन मंदिर यांचा अंतर्भाव आहे. या व्यवस्थेचे तत्त्वज्ञान म्हणून सांगितले जाणारे ‘त्रि हित करण’ (देव, माणूस व निसर्ग यांच्याशी सुसंवाद) हे सूत्र जुन्या आचारांवर आधारलेले असले तरी, त्या नावाने ते १९६० च्या दशकापासून प्रचारात आले.

समाज व दैनंदिन जीवन

गावाच्या परंपरागत संस्थेला ‘देसा आदत’ म्हणतात. यातील पहिला शब्द संस्कृतातून, तर दुसरा अरबीतून आला आहे. तिच्या अंतर्गत ‘बंजार’ हा वस्तीचा घटक असतो. लग्न झालेला पुरुष पत्नीसह बंजारचा सभासद होतो. दहनविधी, देवळाचा उत्सव, वाद्यवृंद, रस्त्याची सफाई ही सारी कामे बंजारची असतात. ‘कुलकुल’ हा पोकळ लाकडी ओंडका ठोकून लोकांना बोलावतात व ठोक्यांच्या लयीवरून कारण कळते. नियम ‘आविग-आविग’ या लिखित संहितेत असतात. पूर्वी बहिष्कार ही सर्वांत कठोर शिक्षा होती, कारण बहिष्कृताच्या दहनाला गावाची स्मशानभूमी मिळत नसे. शहरात हॉटेलात काम करणाऱ्या तरुणालाही देवळाच्या उत्सवासाठी रजा घेऊन गावी जावे लागते.

घरे भिंतीने वेढलेल्या आवारात असतात. दिशांचा विचार उत्तर-दक्षिण असा होत नसून ‘काजा’ म्हणजे पर्वताकडे आणि ‘केलोद’ म्हणजे समुद्राकडे असा होतो. घरचे देऊळ पर्वताकडील कोपऱ्यात, तर स्वयंपाकघर व डुकरांचा गोठा समुद्राच्या बाजूस असतो. यामुळे दक्षिण बालीत काजा उत्तरेस, तर उत्तर बालीत तीच दिशा दक्षिणेस येते.

मुलांची नावे जन्मक्रमाने ठरतात. पहिले वायन (किंवा पुतू), दुसरे मादे, तिसरे न्योमान, चौथे केतुत. पाचव्यापासून पुन्हा वायन. मुलगा असल्यास नावापूर्वी ‘इ’ व मुलगी असल्यास ‘नि’ लावतात. ब्राह्मण कुळांत ‘इदा बागुस’ व ‘इदा आयू’ ही उपपदे असतात. बाली भाषेत समोरच्याच्या दर्जानुसार शब्दच बदलतात. तरुण पिढी हा पेच टाळण्यासाठी अनोळखी माणसाशी इंडोनेशियन भाषेत बोलणे पसंत करते.

नारळीच्या कोवळ्या पातीची छोटी परडी, तीत फुले व वर उदबत्ती असा ‘चनांग सारी’ हा नैवेद्य घरात, दुकानात, चौकात आणि दुचाकीवरसुद्धा रोज ठेवला जातो. देवांसाठी तो उंचावर, तर भूतगणांसाठीचा जमिनीवर असतो. हे काम जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचे. नोकरी करणाऱ्या स्त्रिया आता तयार परड्या बाजारातून आणतात आणि त्यांसाठी लागणारी पाती पुष्कळदा जावातून येते. परंपरेने वारसा मुलांकडे जातो. २०१० मध्ये आदत संस्थांच्या प्रांतिक मंडळाने मुलींचा मर्यादित वाटा मान्य केला.

कालगणना

बालीत दोन पंचांगे शेजारी शेजारी चालतात. ‘पवुकोन’ हे २१० दिवसांचे चक्र असून गलुंगान हा पितरांच्या आगमनाचा सण त्यानुसार येतो. त्या वेळी दारोदारी ‘पेंजोर’ ही वाकलेली शृंगारलेली बांबूची काठी उभारतात. सात वारांची नावे मराठी वाचकाला ओळखीची वाटतील: रेदिते (आदित्य), सोम, अंगारा, बुद, व्रस्पति, सुक्र आणि सनिश्चर.

दुसरे पंचांग चांद्र-सौर असून त्यात शालिवाहन शकच चालतो. त्याचा वर्षारंभ म्हणजे ‘न्येपी’. २०२३ मध्ये न्येपी व गुढीपाडवा एकाच दिवशी, २२ मार्च रोजी आले आणि दोन्हीकडे शके १९४५ सुरू झाले. अधिक मासाची रीत निराळी असल्याने २०२४ मध्ये मात्र दोहोंत जवळजवळ महिन्याचे अंतर पडले. शिवाय बालीत शकाचा आकडा बदलतो तो दहाव्या महिन्याच्या प्रारंभी. आदल्या संध्याकाळी ‘ओगोह-ओगोह’ या राक्षसांच्या प्रचंड प्रतिमा वाजतगाजत मिरवतात. दुसऱ्या दिवशी अग्नी, काम, प्रवास व करमणूक वर्ज्य असते. विमानतळ चोवीस तास बंद राहतो, रस्ते ओस पडतात आणि पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. २०१८ पासून त्या दिवशी मोबाइल इंटरनेटही बंद ठेवले जाते.

पर्यटन व पाण्याचा प्रश्न

१९६९ मध्ये विमानतळ आंतरराष्ट्रीय झाला. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९७१ मध्ये तयार झालेल्या आराखड्यात पर्यटकांची सोय नुसा दुआच्या कोरड्या जमिनीवर करावी, म्हणजे शेती व गावे अबाधित राहतील, अशी कल्पना होती. इमारत नारळाच्या झाडाहून, म्हणजे सुमारे १५ मीटरहून, उंच नसावी हा नियमही याच काळातला. उंचीवर बंधन आले, पण पसाऱ्यावर आले नाही. कुता, सेमिन्याक, चांगू व उबुद येथे खाचरांच्या जागी हॉटेले व व्हिला उभे राहिले. बांधकामात एक पाट बुजला, की त्याखालची सर्व शेते कोरडी पडतात. मग त्या शेतकऱ्यालाही जमीन विकण्यावाचून मार्ग उरत नाही. दक्षिणेत हॉटेलांसाठी होणाऱ्या भूजलाच्या उपशामुळे किनाऱ्याजवळच्या विहिरींत खारे पाणी शिरू लागले आहे.

१२ ऑक्टोबर २००२ रोजी कुता येथील बॉम्बस्फोटांत २०२ लोक मरण पावले, व १ ऑक्टोबर २००५ रोजी पुन्हा स्फोट झाले. दोन्ही वेळा पर्यटन कोसळून सावरले. २०१९ मध्ये ६२ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले होते. करोनाच्या साथीत, २०२१ या संपूर्ण वर्षात, ही संख्या पन्नासच्या आसपास होती. काम गेलेले अनेकजण गावी शेतीकडे वळले आणि नुसा लेंबोंगनच्या किनाऱ्यावर समुद्रशैवालाची सोडून दिलेली शेती पुन्हा सुरू झाली. २०२४ मध्ये पर्यटकांची संख्या २०१९ च्या पुढे गेली.

बेनोआ खाडीत भर घालून पर्यटननगरी उभारण्याच्या योजनेला २०१३ पासून बंजार, विद्यार्थी व संगीतकार यांनी मोर्चे काढून विरोध केला. २०१९ मध्ये खाडीला सागरी संवर्धनक्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याकडून दीड लाख रुपिया इतका कर घेतला जातो. संस्कृती व पर्यावरण यांच्या रक्षणासाठी तो असल्याचे प्रांतिक सरकारचे म्हणणे आहे.